गादीखालची उत्तरपत्रिका



मागच्या वेळी उडदाच्या पापडाचं प्रमाण सांगते म्हटलं होतं. ते आजही राहणार. आज दहावीच्या इंग्रजीच्या पेपराबद्दल लिहायचं आहे. घरात दहावीतलं लेकरू असलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणी आहेत, त्यांना उपयोग होईल. आणि मला स्वतःलाही एक गोष्ट सांगून टाकायची आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या साफसफाईत लेकीच्या खोलीतली गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली चार घड्या घातलेली उत्तरपत्रिका सापडली. सहामाही, इंग्रजी, ऐंशीपैकी तेवीस. मराठीत, गणितात बरे गुण पडलेले तिने मला दाखवले होते. इंग्रजीचा पेपर "अजून दिला नाही बाईंनी" म्हणाली होती.

शाळेतून आल्यावर तिला समोर बसवलं. मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतं. "गुण कमी पडले त्याचं मला काही नाही. लपवलंस, खोटं बोललीस, त्याचं वाईट वाटतं." ती रडत आत निघून गेली आणि मी तिथेच बसून राहिले, कारण बोलताना माझा आवाज मलाच ऐकू आला होता.

मी दहावी झालेले नव्हते.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. 2000 साली मी नववी पास झाले. त्याच उन्हाळ्यात माझ्या आईला अंथरूण धरावं लागलं, घरात धाकटी दोन भावंडं, शेतावर गडीमाणसं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. त्याच जूनपासून सरकारने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. माझा धाकटा भाऊ पहिलीत 'ए फॉर अ‍ॅपल' म्हणत घरभर फिरायचा आणि मला त्याचा राग यायचा. पाच वर्षांनी लग्नाचं बघायला लागले तेव्हा काकांनी माहितीपत्रकावर शिक्षण 'दहावी' असं लिहिलं. "एका वर्षाने काय फरक पडतोय" म्हणाले. मीही काही बोलले नाही. पुढे लेकीच्या, मुलाच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर आईचे शिक्षण या रकान्यात मी माझ्या हाताने एस.एस.सी. लिहीत गेले. बचत गटात मला सचिव केलं तेही "ही दहावी झालीय, हिशेब लिहील" म्हणून. पहिल्या दोन-तीन वेळा हात अडखळला असेल, नंतर नाही.

असो. तेवीस गुणांकडे येते.

गावातल्या एका क्लासला तिला घालायचं ठरवलं होतं. पण दहावीची बॅच संध्याकाळी सहा ते आठ. दिवाळीनंतर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. लेकीने आठवीपासून रात्रीभोजन सोडलेलं, सासूबाईंनी तिला त्यात कधी जबरदस्ती केली नव्हती, तिचं तीच पाळते. शाळा सुटून घरी यायला साडेपाच, मग खायचं कधी आणि क्लासला पोचायचं कधी? क्लासवाल्यांना सकाळची वेळ विचारली तर ते म्हणाले, "दहावी महत्त्वाची की जेवण?" लेक म्हणाली, "आई, आपण घरीच करू." आपण म्हणाली. मी हो म्हटलं. म्हटल्यावर मला घाम फुटला.

पहिले चार दिवस मी फक्त पेपर कसा असतो ते समजून घेतलं. त्याला आता प्रश्नपत्रिका म्हणत नाहीत, कृतिपत्रिका म्हणतात. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी तृतीय भाषा असते. लेखी ऐंशी गुण, तीन तास, आणि शाळेकडचे वीस. सुरुवातीला भाषेचे छोटे छोटे प्रश्न दहा गुणांचे. मग पुस्तकातले दोन उतारे, दहा-दहाचे. कविता दहा. मग पुस्तकाबाहेरचा एक उतारा दहाचा आणि त्याच उताऱ्याचा सारांश पाच. पत्र पाच, संवाद किंवा भाषण पाच. तक्ता किंवा आकृती करणं पाच, बातमी किंवा गोष्ट पाच. शेवटी भाषांतर पाच. मी हे सगळं वाण्याच्या यादीसारखं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. लिहिल्यावर कळलं की पुस्तक तोंडपाठ असलं तरी त्याच्यावर अवघे तीस गुण आहेत. बाकी सगळं आपल्याला वाचता-लिहिता येतं का, एवढंच बघतात. लेक मात्र वर्षभर बाजारातल्या गाइडमधली उत्तरं घोकत होती. घोकलेलं पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला काय कामाचं?

मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी पोळ्या लाटणार, ती ओट्याच्या टोकाला वही घेऊन.

पहिल्या प्रश्नात शब्दांची साखळी असते, म्हणजे आपल्या भेंड्याच. एका नामाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचं नाम, असे चार शब्द. आम्ही रोज खेळायला लागलो. मी 'राइस' म्हणाले, स्पेलिंगच्या शेवटी ई. ती लगेच "एग!" मी म्हटलं, "आपल्या ओट्यावर नको गं, दुसरं सांग." मग 'एलिफंट', त्यावरून मी 'टी', तिने 'अ‍ॅपल', की परत ई. निम्मी इंग्रजी भाषा ई वर येऊन थांबते असं मला वाटायला लागलं. सासूबाई जपमाळ घेऊन बाहेर बसलेल्या असायच्या. एकदा आतून शब्द ऐकून त्यांनीही 'इस्त्री' म्हणून भर घातली होती.

स्पेलिंगने मात्र आम्हा दोघींना रडवलं. 'नाइफ'ला आधी के कशाला, याचं उत्तर कुणी द्यायचं? एका संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, "एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतं, कळतंय ना काय लिहिलंय ते?" तेव्हा मी तिला श्रुतपंचमीची गोष्ट परत सांगितली. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेन आचार्यांनी त्या दोन मुनींना शिकवण्याआधी त्यांची परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र दिला, एकात एक अक्षर जास्त, एकात एक कमी. साधना केल्यावर देवता प्रकट झाल्या, पण एकीचे दात पुढे आलेले, दुसरीला एकच डोळा. देवता अशा नसतात हे दोघांनी ओळखलं, आपापला मंत्र तपासला, अक्षर दुरुस्त केलं. मग त्या नीट रूपात आल्या. पुढे तेच पुष्पदंत आणि भूतबली, ज्यांनी षट्खंडागम लिहिला. लेकीने ऐकून घेतलं आणि तेव्हापासून तिची स्पेलिंग चुकली की मी म्हणायची "दात पुढे आले", आणि अक्षर गळलं की ती माझ्या वहीवर एक डोळा काढायची. हो, तोपर्यंत माझीही वही झाली होती. दुपारी भांडी आवरली की मी तिच्या जुन्या पुस्तकातला एक उतारा घेऊन बसायचे. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. अडलेल्या शब्दापाशी थांबायचं नाही, वाक्य संपेपर्यंत जायचं, बऱ्याचदा पुढचं वाक्य मागच्या शब्दाचा अर्थ सांगतं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. बस्तीत प्राकृत गाथा वाचताना आपण हेच करतो की.

सारांशाला ती घाबरायची. उतारा साधारण एक तृतीयांश करायचा आणि वर शीर्षक द्यायचं. तिचा सारांश म्हणजे उताऱ्यातली पहिली तीन वाक्यं उतरवलेली. मी म्हटलं, बासुंदीला तू पातेल्यातलं वरचं वरचं दूध ओतून घेतेस का? सगळं दूध आटवावं लागतं. उदाहरणं, नावं, आकडे ही वाफ, ती जाऊ दे. तिला ते पटलं. तक्त्याचं तर आमच्या घरी आयतंच होतं, मी तिला पुरणपोळीची कृती इंग्रजीत ओघतक्त्यात मांडायला लावली, बाणच बाण. भाषांतरात ती म्हणीचं शब्दाला शब्द मराठी करून ठेवायची. 'अ‍ॅज यू सो, सो शाल यू रीप' याचं तिने केलं होतं, 'जसे तू पेरतोस, तसे तू कापशील.' मी म्हटलं अगं, पेरावे तसे उगवते, एवढंच. कर्माचं तर आपण उठता-बसता बोलतो. इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडेही काहीतरी आहे जे गाइडमध्ये नाही.

आता पत्राबद्दल.

जानेवारीत आम्ही पत्रं घेतली. औपचारिक पत्राचा साचा असतो, पत्ता, तारीख, विषय, ते पाठ झालं की झालं. अनौपचारिक पत्रात मात्र स्वतःचं काहीतरी लिहावं लागतं. आमचा नियम असा, एकमेकींना विषय द्यायचा आणि दोघींनी लिहायचं. त्या दिवशी तिने विषय दिला, 'आपली एक चूक कबूल करणारं मैत्रिणीला पत्र.' तिने तिची सहामाहीची गादीखालची गोष्ट लिहिली, हसत हसत. मी पेन घेऊन बसले. मला इंग्रजी शब्द येत होते फार तर चारशे. एवढ्या शब्दांत सजवता येत नाही, कारणं देता येत नाहीत. मराठीत असतं तर मी आईच्या आजारपणापासून सुरुवात केली असती आणि काकांवर संपवलं असतं. इंग्रजीत मला 'काकांनी परस्पर लिहिलं' हेसुद्धा धड लिहिता येईना. मग जे येत होतं तेवढंच लिहिलं. मी दहावी पास नाही. मी सगळ्यांना पास आहे म्हणते. 'आय टेल अ लाय.'

वही तिच्याकडे सरकवली तेव्हा मला वाटलं ती चुका बघेल आणि परत देईल. तिने लाल पेन घेतलं आणि खरंच आधी चूकच काढली. "आई, 'टेल' नाही, 'टोल्ड'. होऊन गेलेलं आहे ना?"

मी म्हटलं, "अजून चालूच आहे."

तिने वर बघितलं नाही. 'टेल' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'हॅव बीन टेलिंग'. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं, त्याचं हे रूप. आदल्याच आठवड्यात आम्ही शिकलो होतो. मग पेन खाली ठेवून तिने हळूच विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

नाही म्हटलं. "आजीला?" नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर मला खोटं बोलायला लावू नकोस." सोळा वर्षांची पोर.

मार्चमध्ये तिचा पेपर झाला. अकराला सुरू, दोनला संपतो, आता वर शेवटी दहा मिनिटं जास्त देतात. तिला मी एकच सांगितलं होतं, ती दहा मिनिटं सारांश आणि पत्र परत वाचायला ठेव, नवीन काही लिहायला घेऊ नकोस. निकाल लागला, इंग्रजीत शंभरपैकी एकसष्ट. आमच्यासाठी ते फार होते. हे पेढे घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या आईने शिकवलं, दहावी झालेली आई काय करते बघा." मी पेढा हातात धरून उभी होते. लेक माझ्याकडे बघत होती.

तरीही मी तीन महिने काढले. दशलक्षण पर्वात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव. बस्तीत प्रवचन झालं, मन-वचन-काया एक असावं वगैरे, दरवर्षी ऐकते. घरी आले. पर्व संपेपर्यंत थांबू असं मनात आलं, मग वाटलं की हे थांबणं म्हणजे परत तेच. संध्याकाळच्या जेवणानंतर ह्यांना आणि सासूबाईंना एकदमच सांगितलं.

हे काहीच बोलले नाहीत. दोन दिवस नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "एकोणीस वर्षं. मला एकदा तरी सांगायचं होतंस. मला दहावीचं काय घेणं होतं?" ते बरोबरच होतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाईंचं मात्र मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. मला वाटलं त्यांना काही वाटणार नाही. त्यांना फार लागलं. "मी बस्तीत सगळ्यांना सांगत आले, माझी सून दहावी झालीय. आता मी खोटी पडले," म्हणाल्या. माझ्या एका शब्दावर त्यांनी स्वतःची एवढी मिरवणूक काढली होती हे मला कधी कळलंच नव्हतं. क्षमावणीला मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलल्या नाहीत.

फॉर्म नंबर सतराचं लेकीने शोधून काढलं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असेल तर तो भरतात. वयाला वरची मर्यादा नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, मग त्याची प्रत, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो वगैरे आपण निवडलेल्या शाळेत नेऊन द्यायचं. दाखला माझ्या माहेरच्या शाळेत होता. मी भावाला फोन करणार तेवढ्यात हे म्हणाले, "चल, मी नेतो." गाडीवरून चाळीस किलोमीटर आम्ही फारसं बोललो नाही. शाळेच्या कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, माझं माहेरचं नाव बोटाने शोधलं. शाळा सोडल्याचे कारण, 'घरगुती अडचण'. ह्यांनी ते वाचलं. परत येताना कुंभोजला थांबून बाहुबलीला दर्शन घेतलं, आणि पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "तेव्हा तुझ्या आईला नक्की काय झालं होतं?" लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर ते मी त्यांना पहिल्यांदा नीट सांगितलं.

(कुंभोज म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपण त्यांचं नाव घ्यायला विसरतो म्हणून इथे लिहिलं.)

बाकीच्या विषयांचं लिहीत बसत नाही. बीजगणिताने माझे हाल केले, तो वेगळा लेख होईल. इंग्रजीच्या दिवशी केंद्रावर गेले तर दारातल्या बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं." मी हॉल तिकीट दाखवलं. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरकून वाट दिली. शेजारच्या बाकावर माझ्या लेकीपेक्षा लहान मुलगा होता. पेपर सुरू व्हायच्या आधी त्याने मला विचारलं, "काकी, समरीला शीर्षक द्यावंच लागतं का?" मी म्हटलं, "दे बाबा." पत्र सोपं आलं. शेवटच्या दहा मिनिटांत मी नवीन काही लिहिलं नाही. दोन दात पुढे आलेले सापडले, ते मागे घातले.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. गेली काही वर्षं त्यांच्या गुडघ्यांमुळे त्या स्वयंपाकाला उभ्या राहत नाहीत. मुगाची आमटी आणि भात केला होता. "आधी खा," म्हणाल्या, आणि मग, "त्यांनी इस्त्री विचारली का?"

मेमध्ये निकाल लागला. पास झाले. इंग्रजीत अठ्ठावन्न, लेकीपेक्षा तीन कमी, हे ती दर आठवड्याला ऐकवते. बचत गटाच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं आणि सचिवपद दुसरीला द्या म्हटलं. त्यांनी दिलं नाही, पण एक बाई त्यानंतर माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. तिचंही बरोबर आहे.

तुमच्यापैकी कुणाला फॉर्म भरायचा असेल तर आधी शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा, सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. मुदत साधारण चातुर्मासात आणि त्याच्या आसपास असते, दरवर्षी पुढे-मागे होते, ती बघून ठेवा. आणि घरात दहावीतलं मूल असेल तर त्याची जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका.

पापडाचं प्रमाण पुढच्या वेळी नक्की.

जय जिनेंद्र.